घरात वापरायचा सैल सुती गाऊन: कापड भिजवण्यापासून घेर दुमडण्यापर्यंत

तयार गाऊन घ्यायला गेले की दुकानदार ‘फ्री साइज आहे, कुणालाही होईल’ असे सांगतो, आणि कुणालाही होणारा तो गाऊन बहुतेक जणींना नीट होत नाही. छातीत तो पुरेसा सैल असतो, पण गळा पसरट असल्यामुळे वाकले की पुढे लोंबतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते, आणि दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केले की अख्खा गाऊन घोट्यापासून वीतभर वर उचलला जातो. सैल कपडा म्हणजे चहूबाजूंनी मोठा केलेला कपडा, अशा समजुतीने तो बेतलेला असतो. वास्तविक सैल कपडा अंगावर गळ्याभोवती आणि खांद्यांवर एवढाच टेकतो आणि उरलेला सगळा तिथून खाली लोंबतो. त्यामुळे गळा आणि खांदा मापाचा ठेवून सैलपणा छातीत, मुंढ्यात (म्हणजे बाही जिथे जोडतात त्या काखेभोवतीच्या वळणात) आणि घेरात दिला, तर कितीही ऐसपैस गाऊन अंगावर व्यवस्थित बसतो.

या लेखात ज्या गाऊनची कृती दिली आहे त्याला छातीच्या खाली जोड आहे, जोडाखाली चुण्यांचा घेर आहे, बाह्या अर्ध्या आहेत आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत खिसे आहेत. बटण, चेन, हूक यांपैकी काहीही नाही. गाऊन डोक्यावरून घालायचा आहे. वळणाची सगळी कटाई वरच्या लहान भागात येते आणि खालचा घेर म्हणजे सरळ दोन आयत असतात, म्हणून ज्यांनी आजवर उशीच्या अभ्र्यापलीकडे काही शिवलेले नाही त्यांनाही तो जमण्यासारखा आहे. उदाहरणासाठी छाती ३६ इंच, खांदा १४ इंच आणि पूर्ण उंची ५२ इंच अशी मापे धरली आहेत.

कापड

रोजच्या गाऊनसाठी सुती कापडच घ्यावे. मलमल उन्हाळ्यात सुखाची असते, पण ती कात्रीखाली सरकते आणि पातळ असल्यामुळे आत परकर घालावा लागतो. पॉपलीन शिवायला सर्वांत सोपे. ते जागचे हलत नाही आणि त्याला इस्त्रीची घडी चांगली बसते, मात्र त्याच्या चुण्या थोड्या फुगीर दिसतात. केंब्रिक या दोहोंच्या मधले असते आणि पहिल्या गाऊनसाठी मी तेच सुचवीन. बाजारात जयपुरी छपाईचे म्हणून जे कापड मिळते ते बरेचदा केंब्रिकच असते. पॉलिस्टर मिसळलेले कापड चुरगळत नाही हे खरे, पण ओट्यापाशी उभे राहिल्यावर त्यात घामाने जीव नकोसा होतो.

गाऊनच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा ४४ इंच असतो. वर दिलेल्या मापांना त्या पन्ह्याचे १११ इंच, म्हणजे सुमारे २ मीटर ८२ सेंटिमीटर कापड लागते. भिजल्यावर ते आटणार हे धरून ३ मीटर घ्यावे, आणि हात नवा असेल तर सव्वातीन. छाती ४० इंचांच्या पुढे असेल तर बाह्या वरच्या भागाच्या शेजारी मावत नाहीत, म्हणून साडेतीन मीटर लागते. ३६ इंची पन्ह्याच्या कापडाला हा हिशेब लागू पडत नाही, तेव्हा दुकानात पन्हा विचारल्याशिवाय मीटर सांगू नयेत. नक्षीतल्या फुलांची तोंडे एकाच दिशेला आहेत का, तेही तिथेच पाहून घ्यावे. तशी असतील तर सगळे भाग एकाच दिशेने ठेवून बेतावे लागतात, नाहीतर पाठीवरची फुले शीर्षासन करतात.

दुकानदार कापड कात्रीने कापून देतो की फाडून, इकडे लक्ष ठेवावे. काठाला छोटी चीर देऊन कापड टर्रकन फाडले की ते आडव्या धाग्याला धरून सरळ फाटते. कात्रीने कापलेले टोक पुष्कळदा तिरके असते आणि ते सरळ करताना दोन बोटे कापड वाया जाते.

भिजवणे

ही पायरी टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. नव्या कापडात खळ असते, आणि मागावर उभे धागे ताणून धरलेले असल्यामुळे पाण्यात पडताच ते सैल होऊन आखडतात. म्हणून सुती कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटते. न भिजवता शिवलेला ५२ इंची गाऊन पहिल्या धुण्यानंतर ५० इंचांचा झाला, तर तो दोष कापडाचा नसतो. कापड घडी मोडून साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे, सकाळी न पिळता सावलीत वाळत घालावे, आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. रंग जाण्याची शंका असेल तर भिजवण्यापूर्वी ओली पांढरी चिंधी कापडाच्या कोपऱ्यावर घासून पाहावी. चिंधी रंगली तर ते कापड दोनतीन पाण्यांतून काढावे आणि पुढेही वेगळे धुवावे.

मापे

मापे दुसऱ्या कुणीतरी घ्यावीत. स्वतःच्या अंगावर टेप धरून खाली पाहिले की खांदा झुकतो आणि माप बदलते. छाती सर्वांत भरलेल्या भागावर, टेप पाठीवर खाली न घसरू देता मोजावी. खांदा पाठीमागून, एका खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत मोजावा. उंची मानेच्या बुंध्याशी, म्हणजे खांदा जिथून सुरू होतो तिथून, छातीवरून खाली घोट्याच्या दोन बोटे वरपर्यंत घ्यावी. त्याहून लांब गाऊन दिसायला बरा दिसतो, पण जिना चढताना आणि पाटावरून उठताना पायाखाली येतो. याच बिंदूपासून छातीच्या उभारावरून उभाराच्या लगेच खालपर्यंतचे अंतर घ्यावे. आपल्या उदाहरणात ते साडेतेरा इंच आहे. जोड तिथे येणार आहे. घाईत बेतलेल्या गाऊनमध्ये ही शिवण नेमकी उभाराच्या टोकावरून जाते. चुण्या तिथून सुटतात आणि बाई आहे त्यापेक्षा दुप्पट दिसते. बाहीची लांबी खांद्याच्या हाडापासून ८ इंच धरू. डोक्याचा घेरही कपाळावरून टेप फिरवून मोजून ठेवावा. तो साधारण २२ इंच भरतो आणि गळा त्याहून मोठा हवा.

कागदावरचा आराखडा

थेट कापडावर खडूने आखणाऱ्या अनुभवी बायका असतात, पण आपण खाकी कागद घ्यावा. वर्तमानपत्रही चालते, फक्त त्याची शाई फिकट कापडाला लागते. कागदाची उभी घडी घालून घडी डाव्या हाताला ठेवावी. ही घडी म्हणजे अंगाचा मध्य. घडीच्या वरच्या टोकापासून सर्व अंतरे मोजायची आहेत, आणि आधी केवळ नेमके माप आखून शिवणीसाठी लागणारी माया सर्वांत शेवटी वेगळ्या रंगाने वाढवायची आहे. माप आणि माया एकाच रेषेत मिसळले की पुढे कोणती रेषा कापायची आणि कोणती शिवायची, हा गोंधळ शेवटपर्यंत सुटत नाही.

वरच्या टोकापासून आडवे ३ इंच मोजून गळ्याची खूण करावी आणि ७ इंचांवर, म्हणजे खांद्याच्या निम्म्यावर, दुसरी खूण करावी. माणसाचा खांदा उतरता असतो, म्हणून ही दुसरी खूण १ इंच खाली घ्यावी आणि गळ्याच्या खुणेशी तिरक्या रेषेने जोडावी. ही खांद्याची रेषा झाली. छातीच्या मापात ६ इंच सैलपणा मिळवून ४२, त्याचा चौथा हिस्सा साडेदहा. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या हिश्श्यातून अर्धा इंच वजा करून, म्हणजे साडेआठ इंच धरावी. वरच्या टोकापासून साडेआठ इंच खाली आडवी रेषा काढून तिच्यावर घडीपासून साडेदहा इंचांवर खूण करावी. काखेचा बिंदू हाच. तिथून सरळ खाली उतरून साडेतेरा इंचांच्या रेषेला मिळावे.

आता मुंढ्याचे वळण. खांद्याच्या टोकापासून अर्ध्या उंचीपर्यंत रेषा जवळजवळ सरळ खाली यावी आणि मग इंग्रजी ‘एल’च्या कोपऱ्याला गोलाई द्यावी तशी वळून काखेच्या बिंदूला आडवी भेटावी. पुढच्या भागाचा मुंढा मधोमध अर्धा इंच अधिक आत कोरावा, कारण हात पुढे येतात आणि तिथे जादा कापड राहिले की काखेपुढे चुणी पडते. गळ्याची खोली पुढे ६ इंच आणि मागे अडीच इंच ठेवावी. ३ इंच रुंदीचा असा गोल गळा मोजला तर सुमारे २३ इंच भरतो, म्हणजे २२ इंची डोके त्यातून जाते. कुणाला उथळ गळा आवडत असेल तर मागे चीर देऊन बटण लावावे लागेल. तो खटाटोप पहिल्या गाऊनला नको.

छाती भरलेली असेल तर पुढच्या भागाच्या खालच्या रेषेला मध्यावर पाऊण ते एक इंच जादा देऊन ती रेषा कडेला मूळ ठिकाणी आणावी. हे न केल्यास पुढचा जोड वर उचलला जातो आणि गाऊन मागे लांब, पुढे आखूड दिसतो.

यानंतर माया. खांद्याला, मुंढ्याला आणि खालच्या रेषेला अर्धा इंच, बाजूला पूर्ण १ इंच. बाजूची माया मुद्दाम मोठी ठेवायची, कारण अंग वाढले तर गाऊन तिथेच उसवून सैल करता येतो. आपल्याकडच्या शिंप्यांची ही शहाणी चाल आहे. गळ्याची माया मात्र बाहेर नव्हे, आत द्यायची असते. आखलेल्या रेषेच्या पाव इंच आत, म्हणजे गळा लहान राहील असे कापायचे. मी माझ्या पहिल्या गाऊनचा गळा आखल्या रेषेवर कापला होता. पट्टी लावून मुडपल्यावर चारी बाजूंनी पाव पाव इंच गेला, रुंदी अर्ध्या इंचाने वाढली, आणि तो गाऊन आयुष्यभर एका खांद्यावरून घसरत राहिला. अर्धा इंच ऐकायला काहीच वाटत नाही.

बाही

हात वर केल्यावर गाऊन वर जातो की जागेवर राहतो, हे बाहीच्या डोक्यावर, म्हणजे तिच्या वरच्या गोलाईच्या उंचीवर ठरते. उंच डोक्याची बाही हात खाली सोडल्यावर देखणी दिसते, पण हात वर करताना सगळा कपडा ओढून घेते. बुटक्या डोक्याची बाही काखेशी थोडी चुणी दाखवते आणि हाताला मोकळीक देते. घरातल्या कपड्याला दुसरी हवी.

आधी टेप उभा धरून पुढच्या आणि मागच्या मुंढ्याची शिवणरेषा मोजावी. आपल्या आराखड्यात दोन्ही मिळून सुमारे १९ इंच येते, म्हणजे एकाची साडेनऊ. घडी घातलेल्या कागदावर वरच्या टोकापासून साडेतीन इंच खाली एक आडवी रेषा काढावी. टोकापासून या रेषेपर्यंत सव्वानऊ इंचांची तिरकी रेषा मारली की ती घडीपासून सुमारे साडेआठ इंचांवर भेटते. तिरक्या रेषेच्या वरच्या निम्म्या भागाला अर्धा इंच फुगवटा आणि खालच्या निम्म्या भागाला पाव इंच खोलगट द्यावा. वळणामुळे वाढलेली लांबी मुंढ्याशी जुळते. बाहीच्या तोंडाची निम्मी रुंदी साडेसात आणि लांबी ८ इंच. वर अर्धा, बाजूंना एक आणि तोंडाला दुमडीसाठी एक इंच माया द्यावी. पुढच्या बाजूचे वळण कागद उलगडून पाव इंच आणखी कोरावे आणि तिथे ठळक खूण करावी. दुसरी बाही बेतताना कागद पालथा घालायचा असतो, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. कापड दुहेरी ठेवून, सुलट बाजू आतल्या आत आणून दोन्ही एकदमच कापल्या की हा प्रश्न उद्भवत नाही.

बेतणे

कापड जमिनीवर पसरावे. पलंगावर बेतलेले सरळ येत नाही. आधी घेराचे दोन आयत काढून घ्यावेत. पूर्ण उंची ५२ वजा साडेतेरा म्हणजे साडेअडतीस, त्यात वरची अर्धा इंच माया आणि खालची २ इंच दुमड धरून ४१ इंच लांबीचे दोन तुकडे फाडावेत. प्रत्येकाची रुंदी ३६ इंच ठेवून उरलेली सात-आठ इंचांची उभी पट्टी काढावी. खिशांचे चार तुकडे, प्रत्येकी ७ इंच रुंद आणि ११ इंच लांब, याच पट्ट्यांतून निघतात. वरचा भाग माया धरून २३ इंच रुंद होतो आणि चुण्यांचे कापड त्याच्या सुमारे दीडपट. मलमल असेल तर पूर्ण पन्हा घेऊन दुपटीच्या जवळ जावे, पॉपलीनला दीडपटीच्या वर जाऊ नये. पूर्ण पन्हा घेतल्यास खिशांसाठी वेगळे कापड लागेल.

राहिलेल्या साधारण २९ इंचांत पुढचा आणि मागचा भाग एकाखाली एक बसतात. कागदाची घडी कापडाच्या उभ्या घडीला तंतोतंत टेकवावी, आणि कापडाची ही घडी काठाला समांतर आहे ना, हे दोन ठिकाणी टेपने मोजून पाहावे. शेजारी उरलेल्या २१ इंचांच्या पट्ट्यात दोन्ही बाह्या येतात आणि खाली उरलेल्या तुकड्यातून गळ्यासाठी सव्वा इंच रुंदीच्या तीन उरेब पट्ट्या निघतात. उरेब म्हणजे काठाशी ४५ अंशांचा कोन करून तिरकी कापलेली पट्टी. तीच ताणली जाते आणि गळ्याच्या वळणावर झोल न पडता बसते. सरळ पट्टी तिथे कधीच बसत नाही.

कात्री चालवण्यापूर्वी एकदा थांबून तुकडे मोजावेत: पुढचा एक, मागचा एक, घेराचे दोन, बाह्या दोन, खिशाचे चार, पट्ट्या तीन. सगळ्यांना जागा आहे असे दिसले की मगच कापावे. मनात अजून धाकधूक असेल तर जुन्या सुती साडीवर किंवा विरलेल्या चादरीवर हाच आराखडा एकदा बेतून पाहावा. तो गाऊन वापरायलाही उपयोगी पडतो.

शिवणे

मशीनला केंब्रिक-पॉपलीनसाठी १४ नंबरची आणि मलमलीसाठी ११ नंबरची सुई लावावी आणि इंचाला दहा-बारा टाके येतील अशी टीप ठेवावी. याच कापडाच्या चिंधीवर आधी टीप मारून पाहावी. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसत असतील तर बॉबिनला दोष देऊ नये. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण कमी असतो.

सर्वांत पहिली टीप गळ्याला. पुढच्या आणि मागच्या दोन्ही गळ्यांवर, एकेरी कापडावर, कडेपासून रेघभर आत एक साधी टीप मारून घ्यावी. गळ्याचे वळण तिरक्या धाग्यावर कापलेले असल्यामुळे नुसते हाताळल्यानेही ते ताणते. ही टीप त्याला धरून ठेवते. मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून दोन्ही खांदे अर्ध्या इंचावर जोडावेत. खांद्यावर अख्ख्या गाऊनचे वजन येते, म्हणून ही टीप दोनदा मारावी.

उरेब पट्ट्या एकमेकींना तिरक्या जोडून एक लांब पट्टी करावी आणि गळ्याच्या सुलट बाजूवर, सुलट बाजू खाली करून, पाव इंचावर लावावी. लावताना पट्टी अगदी किंचित ओढून धरावी, गळा मात्र ओढू नये. म्हणजे मुडपल्यावर गळा छातीला चिकटून राहतो. सुरुवात मागच्या खांद्याच्या शिवणीशेजारून करावी, तिथे जोड दिसत नाही. पूर्ण फिरून आल्यावर मायेला अर्ध्या अर्ध्या इंचावर कात्रीच्या टोकाने खाचा द्याव्यात. खाच टिपेपर्यंत गेली पाहिजे, पण टीप कापता कामा नये. खाचा न दिलेला गळा कितीही इस्त्री केली तरी आखडलेला दिसतो. पट्टी आत वळवून, तिची कड दुमडून, हाताने बारीक तुरपाई केली की बाहेर एकही टाका दिसत नाही. वरून मशीनची टीप मारली तरी बिघडत नाही आणि रोजच्या धुण्याला ती जास्त टिकते.

बाह्यांची तोंडे सपाट असतानाच दुमडून शिवून घ्यावीत. मग प्रत्येक बाहीच्या डोक्याचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टाचून, पुढची खूण पुढच्या बाजूला आली आहे ना ते पाहून, बाही मुंढ्याला अर्ध्या इंचावर जोडावी. बाजू उघड्या असताना बाही लावणे हे शिलाई नवी असणाऱ्यांवरचे मोठे उपकार आहेत. बंद मुंढ्यात गोल बाही बसवण्याची कसरत इथे करावीच लागत नाही.

चुण्यांकडे थोडा वेळ द्यावा. घेराच्या आयताची वरची कड घेऊन मशीनचा टाका सर्वांत लांब करावा, वरचा ताण थोडा सैल करावा आणि शिवणरेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचाच्या आतबाहेर अशा दोन समांतर टिपा माराव्यात. टोकांना दोरे लांब सोडावेत आणि गाठ मारू नये. एकाच टिपेवर ओढलेल्या चुण्या मशीनच्या दाबपट्टीखाली गेल्या की आडव्या पडतात. दोन टिपांमध्ये त्या उभ्या उभ्या धरल्या जातात. आता आयताचे चार समान भाग करून खुणा कराव्यात, वरच्या भागाच्या खालच्या कडेवरही तसेच करावे, आणि खुणेला खूण टाचून मगच बॉबिनचे दोन्ही दोरे हलक्या हाताने दोन्हीकडून ओढावेत. जोराने ओढले तर दोरा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बोटांनी चुण्या सारख्या पसरवाव्यात. कडेच्या दीड इंचात चुणी ठेवू नये, तिथे बाजूची शिवण येणार आहे. चुण्यांची बाजू वर ठेवून, दोन टिपांच्या मधून अर्ध्या इंचावर शिवावे. चुण्यांची बाजू खाली ठेवली तर कापड पुढे सरकवणारे मशीनचे दात त्या आपल्या मर्जीने ओढतात आणि ते शेवटीच कळते. पुढचा आणि मागचा भाग असे दोन्ही जोडून झाल्यावर दिसणारे कच्चे दोरे उसवून टाकावेत आणि माया वरच्या दिशेला इस्त्री करावी.

खिसे जोडाच्या शिवणीपासून ८ इंच खाली लावावेत. चारही तुकडे घेराच्या चारही उभ्या कडांवर, सुलटीला सुलट ठेवून, पाऊण इंचावर शिवावेत आणि बाहेर उलगडून इस्त्री करावी. बाजूची शिवण १ इंचावर येणार असल्यामुळे खिशाची ही टीप आपोआप आत लपते.

मग पुढचा आणि मागचा भाग सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवावा. काखेतले चौक, जोडाच्या शिवणी आणि खिसे जुळवून टाचण्या लावाव्यात. बाहीच्या तोंडापासून एकच टीप सुरू करून ती काखेत वळवावी, बाजूने खाली आणावी आणि खिशाच्या वरच्या कडेपासून इंचभर खाली गेल्यावर बाहेर वळवावी. तिथून खिशाच्या तिन्ही कडांवरून फिरवून, ६ इंचांची फट सोडून पुन्हा बाजूच्या रेषेवर आणावी आणि खालपर्यंत न्यावी. वळणावर सुई कापडात रुतवून ठेवायची, दाबपट्टी उचलायची, कापड फिरवायचे. फटीच्या दोन्ही टोकांना आणि काखेत टीप मागेपुढे करून घट्ट करावी. गाऊन फाटतो तो याच तीन ठिकाणी.

कापलेल्या कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून इंटरलॉक करून घ्यावे. साड्यांना पिको-फॉल करणाऱ्या दुकानात ते हातोहात करून मिळते. तशी सोय नसेल तर मायेची कड एक रेघ आत दुमडून तिच्यावर साधी टीप मारावी; वेळ लागतो, पण पक्के होते. बाजूची १ इंच माया मात्र इंटरलॉकवाल्याला कापू देऊ नये. ती नको म्हणून सुबकपणे छाटून टाकण्याची काहींना सवय असते, तेव्हा गाऊन हातात देण्यापूर्वीच तसे सांगावे.

घेर दुमडणे

कळीदार, म्हणजे तिरक्या कापलेल्या तुकड्यांचा, घेर असता तर गाऊन रात्रभर टांगून ठेवावा लागला असता, कारण तिरक्या धाग्याचे कापड वजनाने लोंबते आणि कड खालीवर होते. आपले दोन्ही आयत उभ्या धाग्यावर असल्यामुळे ती वाट पाहावी लागत नाही. गाऊन अंगावर घालून, रोज घरात जी चप्पल घालतो ती घालून, कुणाकडून तरी जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूच्या खुणा करून घ्याव्यात. एकदा पाटावर बसून उठावे आणि दोन्ही हात वर करून दोरीवर कपडे टाकल्यासारखे करावे. गाऊन दोनतीन बोटांपलीकडे वर जात नसेल तर बाही जमली. मग कड आधी अर्धा इंच आणि नंतर दीड इंच अशी दुहेरी दुमडून, इस्त्री करून, आतल्या कडेवरून टीप मारावी.

कागदाचा आराखडा फेकू नये. त्याच्यावर नाव, तारीख, छाती आणि उंची लिहून, पहिल्या धुण्यानंतर काय घट्ट वाटले आणि काय सैल, तेही त्याच कागदावर टिपून ठेवावे. दुसरा गाऊन बेतताना मूळ मापांपेक्षा हीच टिपणे जास्त कामी येतात. माझ्या कागदावर गळ्यापाशी ‘पाव इंच आत’ असे लाल पेन्सिलीने तीनदा लिहिलेले आहे.